'मल्टि-' दिसलं की 'बहु-' लावायचं का?

भाचीने परवा एक यादी पाठवली. ती नुकतीच भाषांतराची कामं घ्यायला लागली आहे. मल्टिलिंग्वल, मल्टिपर्पज, मल्टिलेन, मल्टिफॅसेटेड, मल्टिटास्किंग. पुढे तिनेच मराठी शब्द लिहिले होते: बहुभाषिक, बहुउद्देशीय, बहुमार्गिकीय, बहुपैलूयुक्त, बहुकार्यकरण. खाली एक ओळ, "मावशी, एवढं तपासून दे ना."

पहिले दोन चांगलेच रुळलेले आहेत. बाकीचे तीन वाचताना मात्र मी अडखळले, म्हणून ही चर्चा.

लॅटिनमध्ये 'मुल्तुस' म्हणजे पुष्कळ. समासात त्याचं 'मुल्ति-' होतं आणि इंग्रजीत 'मल्टि-'. मल्टिप्लाय, मल्टिपल, मल्टिप्लेक्स या शब्दांच्या दुसऱ्या भागात घडी आहे. 'प्लिकारे' म्हणजे घडी घालणं. तेव्हा मल्टिप्लाय करणं म्हणजे मुळात पुष्कळ घड्या घालणं. आपल्या दुप्पट, तिप्पट, चौपटमधला 'पट' आठवा, आणि बाळाला गुंडाळायचं दुपटंही. इथे 'बहु-'ची कुणाला गरजच पडली नाही. गणितात तर मल्टिपलला आपण 'विभाज्य' म्हणतो, लसावितला तो 'वि'. इंग्रजी शब्द तीनकडून बाराकडे बघतो, तीनाच्या चार घड्या. मराठी शब्द बाराकडून तीनकडे बघतो, तीनने ज्याला भाग जातो तो. नातं तेच, फक्त उभं राहण्याची जागा बदलली. मला हे फार आवडतं.

आता 'बहु'. ग्रीकमधून आलेल्या 'पॉलि-'लाही आपण 'बहु'च लावतो: बहुभुज, बहुपदी. पण 'पॉलि-'चा संस्कृतातला खरा भाऊबंद आहे 'पुरु', पुरूरव्याच्या नावातला. 'बहु'चा ग्रीक नातलग वेगळाच निघतो, 'पाखुस', म्हणजे जाड. हत्ती-गेंड्यांना जाड कातडीचे म्हणून इंग्रजीत पॅकिडर्म म्हणतात ना, त्यातला. हे कळल्यापासून मला 'बहु'चा स्वभाव नीट दिसायला लागला. त्यात नग मोजण्यापेक्षा दाटपणा, भरघोसपणा जास्त आहे. बहुमोल, बहुगुणी, बहुश्रुत. बहुव्रीहि म्हणजे ज्याच्याकडे भात पुष्कळ आहे तो. आणि बहुमत, बहुतांश, बहुसंख्य यांत तर 'निम्म्याहून जास्त' असा अर्थ येतो.

भाषांतरात घोटाळा नेमका इथे होतो. 'मल्टिपल' उमेदवारांनी हरकत घेतली, याचं 'बहुसंख्य उमेदवारांनी हरकत घेतली' असं केलेलं मी वाचलं आहे. मूळ मजकुरात चाळीसपैकी तीन उमेदवार असू शकतात! तिथे 'अनेक' हवं. अनेक म्हणजे न एक, एकाहून जास्त, बस. 'एकाहून अधिक' असं सरळ लिहिलं तरी कागद बिघडत नाही.

जोडणीबद्दलही विचारलं जातं. संस्कृत संधीच्या नियमाने 'बहूद्देशीय' आणि 'बह्वायामी' व्हायला हवं. मराठीने 'बहुउद्देशीय', 'बहुआयामी' अशी फट ठेवून लिहायचं ठरवलं, आणि ते योग्यच केलं असं माझं ठाम मत आहे. 'बह्वायामी' मोठ्याने वाचून बघा. शिवाय गावाकडे मल्टिपर्पज सोसायटीला लोकांनी 'बहु' कधी चिकटवलंच नाही. ती झाली 'विविध कार्यकारी सोसायटी', आणि बोलताना सुटसुटीत 'विकास सोसायटी'.

राहिले तीन शब्द.

मल्टिलेन रस्त्याला आपल्याकडे 'पदरी' आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सहापदरी आहे, हे ड्रायव्हरपासून मंत्र्यांपर्यंत सगळे म्हणतात. आकडा माहीत नसेल तर 'अनेकपदरी' लिहावं. लुगड्याच्या पदराचा शब्द डांबरी रस्त्यावर इतका सहज बसला असताना 'बहुमार्गिकीय' कशाला घडवायचं?

मल्टिफॅसेटेडमधला फॅसेट म्हणजे हिऱ्याचा पैलूच, आणि आपल्याकडे 'अष्टपैलू' तयार आहे. क्रिकेटमुळे तो ऑलराउंडरपुरता उरल्यासारखा वाटतो, पण माणसाच्या व्यक्तिमत्त्वाला तो अजून शोभतो. प्रश्न किंवा विषय असेल तर 'अनेक पैलूंचा' किंवा 'बहुपेडी' म्हणावं, अष्टपैलू प्रश्न म्हणू नये.

मल्टिटास्किंगवर मात्र मी दोन दिवस घालवले. हा शब्द १९६०च्या दशकात संगणकाच्या जगातून आला. प्रोसेसर एका कामावरून दुसऱ्यावर इतक्या झपाट्याने उड्या मारतो की सगळं एकदम चाललंय असं वाटतं. माणसांना तो नंतर लागला. माणसांसाठी आपला शब्द आहे 'अष्टावधानी'. तेलुगू आणि कन्नड मुलखात अष्टावधान ही कलाच आहे. आठ पृच्छक आळीपाळीने प्रश्न आणि अडथळे टाकत राहतात, आणि अवधानी कुणाचंही सूत्र न सोडता पद्यं पुरी करतो. अवधान म्हणजे लक्ष. म्हणून सकाळी डबे, फोन आणि मुलांची दप्तरं एकदम सांभाळणारी बाई अष्टावधानी म्हणावी. संगणकाच्या माहितीपुस्तिकेत मात्र 'मल्टिटास्किंग' देवनागरीत तसंच ठेवावं. यंत्राला अवधान नसतं.

भाचीला हे सगळं पाठवलं तर तिचं उत्तर आलं, "मावशी, मग आमच्या मल्टीला काय म्हणू?" ती इंदूरला राहते. तिकडे फ्लॅटच्या इमारतीलाच 'मल्टी' म्हणतात, तिथली मराठी घरंसुद्धा. मल्टिस्टोरीमधली स्टोरी गळून गेली आणि नुसतं 'पुष्कळ' उरलं. तो शब्द मी बदलायला सांगितला नाही.

एक शब्द मला अजून सुटलेला नाही: मल्टिग्रेन पीठ. भाजणी म्हणावं तर त्यात धान्यं भाजलेली हवीत, आणि हे पीठ कच्चंच असतं. 'मिश्र धान्यांचं पीठ' बरोबर आहे, पण लांबलचक. तुमच्याकडे गिरणीत काय म्हणून मागतात?