टेक्सासमधले पालक, आठवीच्या सोशल स्टडीजसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही नाशिकहून डॅलसजवळ शिफ्ट झालोय, लेक सातवीत आहे, पुढच्या वर्षी आठवीत स्टेटची सोशल स्टडीजची टेस्ट म्हणजे स्टार (STAAR) आहे. मॅथ्स-सायन्सचं टेन्शन नाही हो, पण इतिहास! शिवाजी महाराजांचे सगळे किल्ले तोंडपाठ, आणि इथे पेपर येणार वसाहतींपासून १८७७ पर्यंतच्या अमेरिकेवर. फेडरलिस्ट, अँटी-फेडरलिस्ट (म्हणजे नव्या राज्यघटनेच्या बाजूचे आणि विरोधातले), मार्बरी विरुद्ध मॅडिसन हा सुप्रीम कोर्टातला जुना खटला... मलाच आधी वाचायला लागतंय.

टेक्सास एज्युकेशन एजन्सीच्या साइटवर जुने पेपर आहेत ते काढले. नुसती घोकंपट्टी चालतच नाही, एखादा उतारा किंवा नकाशा देतात आणि त्यावरून विचारतात, वर थोडक्यात लिहायचे प्रश्नपण असतात, आणि सगळं ऑनलाइन. तिथेच गाडी अडते तिची. कोणाच्या मुलांनी हे केलंय का, उतारे वाचायची सवय कशी लावली? क्लास लावावा की घरीच जमेल?

दुसरं म्हणजे टेक्सासचं स्टेट बोर्ड ऑफ एज्युकेशन सोशल स्टडीजचा अभ्यासक्रमच बदलतंय ना, टेक्सास आणि अमेरिकेच्या इतिहासावर जास्त भर, २०३० पासून वर्गात आणायचा प्लॅन आहे म्हणे. मोठीला तर ते लागणार नाही, पण धाकटा आत्ता पहिलीत आहे. सहावीला जगातल्या संस्कृती शिकवतात, त्यात भारतही येतो, ते कमी होणार असेल तर वाईटच वाटेल. बोर्डाकडे पालक म्हणून मत कोणी नोंदवलंय का? लेखी पाठवलं की मीटिंगला जाऊन बोललात? प्लीज सांगा.