चालत्या मोटरहोममध्ये जनरेटर चालू ठेवावा का? आणि पेट्रोल पंपावर?

घाटमाथा, सातारा (धागाकर्ता)

कास, महाबळेश्वर, चांदोली या पट्ट्यात टेम्पो ट्रॅव्हलरच्या चासीवर बांधलेल्या मोटरहोम, म्हणजे राहायच्या सोयीच्या गाड्या, आता बऱ्याच दिसतात. मागच्या खोलीचा एसी चालावा म्हणून त्यांत जनरेटर असतो आणि तो महामार्गावर, घाटात, कधीकधी पंपावरही घरघरत असतो. माझं मत असं, की गाडी हलण्याआधी जनरेटर बंद झाला पाहिजे.

पहिलं कारण धूर. डब्यासारख्या उभ्या पाठीची गाडी चालताना तिच्यामागे हवेचा दाब कमी होतो आणि मागे सोडलेला धूर परत पाठीलाच चिकटतो. मागची खिडकी किंवा छतावरची झडप उघडी असली की तो आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक जोराने धरतो. मागे झोपलेल्या माणसाला डोकं दुखतंय, मळमळतंय हे कळायलाही जाग यावी लागते.

दुसरं कारण अपघात. मागून धडक बसली तर गाडीचं इंजिन बंद पडेल, पण जनरेटरचा इंधनपंप वेगळा. तो चालूच राहिला तर फुटलेल्या नळीतून इंधन तापलेल्या सायलेन्सरवर पडत राहणार.

वेगळं मत असेल तर जरूर मांडा, फक्त कारणासह.

कृष्णाकाठ, सांगली

असहमत. तुम्ही दोन वेगळ्या यंत्रांना एकच नियम लावताय.

मागच्या कॅरियरवर पट्ट्याने बांधलेला पेट्रोलचा पोर्टेबल जनरेटर चालत्या गाडीत चालवू नये, हे शंभर टक्के मान्य. तो सपाट जमिनीवर ठेवून चालवण्यासाठी बनवलेला असतो. त्यातलं तेल उडून भागांवर पडतं, त्यावरच वंगण होतं. घाटात गाडी कलली, वळणावर तेल एका बाजूला गेलं, की तेलाचा सेन्सर त्याला बंद पाडतो. शिवाय टाकीच्या झाकणाच्या हवेच्या भोकातून पेट्रोल हिंदकळून बाहेर येतं.

पण चासीखाली स्वतंत्र चौकटीत रबर माउंटवर बसवलेला, मोटरहोमसाठीच बनवलेला जनसेट (इंजिन आणि जनरेटरचा एकत्र संच) चालत्या गाडीत वापरता येतो, तशी तरतूद करूनच तो बनवतात. अट अशी, की बसवणाऱ्याने पुढच्या गोष्टी केल्या पाहिजेत.

धुराचा नळकांडा गाडीच्या कडेच्या थोडा बाहेर, कोणत्याही खिडकी, दार किंवा व्हेंटच्या खाली नाही. जनसेटच्या कप्प्याला खोलीच्या बाजूने पत्र्याचा सलग पडदा; वायर जिथून आत जाते ते भोकही आग न धरणाऱ्या सीलंटने बुजवलेलं. इंधनासाठी टाकीत वेगळी नळी, तिचं टोक पाव टाकीच्या पातळीवर. म्हणजे जनसेट रात्रभर चालला तरी पाव टाकी गाडीसाठी उरते. आपल्याकडचे काही बॉडी बिल्डर गाडीच्या इंजिनकडे जाणारी नळी कापून त्यात टी जोडतात. तसं कधीच करू देऊ नका. बीएस-६ डिझेल इंजिनच्या कॉमन रेलमध्ये (जास्त दाबाने डिझेल पुरवणाऱ्या नळीत) हवा शिरली तर गाडी घाटातच उभी राहील.

अपघाताचा मुद्दा खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे जनसेटच्या इंधनपंपाच्या वायरीत धडकेने तुटणारा इनर्शिया स्विच आणि चालकाच्या हाताजवळ बंद करायचं बटण. एवढं असताना एप्रिल-मेमध्ये मिरज ते साताऱ्यापर्यंत चाळीस अंशांत म्हाताऱ्या माणसांना मागे उकडत ठेवायचं कशासाठी?

घाटमाथा, सातारा

एवढं सगळं नीट केलेल्या गाड्या किती, हा माझा प्रश्न आहे. आणि नीट बसवलेला जनसेटसुद्धा धूर सोडतोच. खंबाटकीत सुट्टीच्या दिवशी कोंडी होते तेव्हा गाडी पुढे सरकत नाही, वारा पडलेला असतो, दोन्ही बाजूंना ट्रक. तिथे तुमचा धूर शेजारच्या गाडीच्या खिडकीत आणि शेजाऱ्याचा तुमच्या खिडकीत. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना वेळ्याच्या पुढच्या बोगद्यात वाहतूक अडली तर धुराला जायला जागाच नाही.

कृष्णाकाठ, सांगली

बोगद्याचं मान्य, तिथे शिरण्याआधी बंद. कोंडीतही बाहेरची हवा घेणाऱ्या झडपा आणि मागच्या खिडक्या बंद ठेवून जनसेट थांबवावा. पण हा ‘कोंडीत बंद’ असा नियम झाला. मोकळ्या रस्त्यावर ताशी साठने जाताना बंद ठेवायचं कारण अजून मिळालेलं नाही.

डिझेलवाला, कराड

चालत्या गाडीबद्दल कृष्णाकाठ यांच्याशी सहमत. पण पंपाचा बाऊ जरा जास्तच होतो असं वाटतं. गाडी डिझेलची, जनसेट डिझेलचा. डिझेल काडी टाकली तरी सहज पेटत नाही. पाच मिनिटांत टाकी भरून निघायचं, तेवढ्यासाठी एसी बंद करून परत सुरू करणं म्हणजे उगाच जनसेटला झटके देणं.

नोझल, सातारा

दादा, पंपावर तुमची गाडी डिझेलची असते, शेजारच्या नोझलवरची स्कूटर पेट्रोलची असते. सगळा धोका तिथे आहे.

पेट्रोल उणे चाळीस अंशांच्या आसपासही पेटण्याजोगी वाफ सोडतं. ती वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. त्यामुळे ती वर न जाता फरशीलगत पसरते, आणि चासीखाली टांगलेला जनसेट नेमकी त्याच उंचीवरची हवा ओढतो. पेट्रोलचा जनसेट असेल तर त्यात ठिणगी आहे. डिझेलच्या जनसेटलाही स्टार्टर आहे, रिले आहेत, काही वेळ आधीपासून तापलेला सायलेन्सर आहे. त्यात आणखी एक: डिझेल इंजिनाने हवेबरोबर पेट्रोलची वाफ ओढली तर ती वाफच इंधन होते. मग इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरचा ताबा सुटतो आणि इंजिन पळत सुटतं, बटण दाबून थांबत नाही.

प्रत्येक पंपावर ‘इंजिन बंद करा’ अशी पाटी असते. जनसेट हेही इंजिनच आहे. पंपावरच्या मुलाला गाडीच्या खालचा आवाज वेगळ्या इंजिनाचा आहे हे कळेलच असं नाही, ते सांगायची जबाबदारी चालकाची.

बंद करायचा क्रम असा. पंपाच्या अर्धा-एक किलोमीटर आधी, रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबून एसी आणि गीझर बंद करा. जनसेट दोन-तीन मिनिटं बिनलोड चालू द्या म्हणजे आतली उष्णता निघून जाते. तुम्ही म्हणता ते झटके लोडसकट बंद-चालू केल्याने बसतात, या पद्धतीने नाही. मग जनसेट बंद. त्यानंतर ऑटो-स्टार्ट बंद, आणि हेच लोक विसरतात. बॅटरीचा व्होल्टेज उतरला किंवा खोली तापली की जनसेट आपोआप सुरू करणारी ही सोय असते. तुम्ही नोझल लावून उभे असताना ती आपलं काम चोख करेल. म्हणून नुसतं थांबवून भागत नाही, स्विच ‘ऑफ’वरच हवा.

मग गॅस. शेगडी, गॅसवरचा फ्रीज, गॅस गीझर यांची ज्योत विझवून सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद. नव्या गीझरमध्ये ज्योत विझली तर ठिणगी पाडून तो स्वतःच पुन्हा पेटतो, म्हणून त्याची वीजही तोडा. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज बॅटरीवर चालू राहिला तर हरकत नाही, त्यात ज्योत नसते. औषधं त्यातच ठेवा.

पंपावर टँकर खाली होत असेल तर आत शिरूच नका, पुढचा पंप गाठा. भूमिगत टाक्या भरताना त्यांतली वाफ बाहेर ढकलली जाते.

डिझेलवाला, कराड

स्कूटरचा मुद्दा पटला. क्रम लिहून गाडीत चिकटवण्याजोगा आहे. तरी व्यवहारात लोक अर्धा किलोमीटर आधी थांबणार नाहीत. महामार्गाच्या कडेला मोठी गाडी उभी करणं हाही धोकाच आहे.

नोझल, सातारा

मग टोलनाक्याच्या किंवा हॉटेलच्या आवारात आधीच बंद करून निघा. दहा-पंधरा मिनिटं एसीविना खोली थोडी तापेल, इतकंच.

सौरपट्टी, वाई

मला या चर्चेचा पायाच पटत नाही. चालत्या गाडीत जनरेटर लागतोच कशाला? चोवीस व्होल्ट, दोनशे अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे ४.८ युनिट. ऐंशी टक्के वापरली तर ३.८, इन्व्हर्टरची गळती वजा जाता साधारण साडेतीन युनिट. एक टनाचा इन्व्हर्टर एसी खोली थंड झाल्यावर सरासरी आठशे वॉटच्या आसपास खातो. म्हणजे चार तास. सांगलीहून सकाळी निघालेला माणूस तेवढ्यात महाबळेश्वरला पोचतो. वाटेत अल्टरनेटरवरून (गाडीच्या इंजिनवर वीज बनवणाऱ्या यंत्रावरून) बारा व्होल्ट, साठ अँपिअरचा डीसी चार्जर सातशे वॉट परत देतो. धूर नाही, आवाज नाही, पंपावर इंजिन बंद केलं की झालं.

कृष्णाकाठ, सांगली

हिशेब बरोबर, पण तो बंदिस्त, उष्णता अडवणारी थर्मल शीट लावलेल्या गाडीचा. पत्र्याची गाडी भर उन्हात असेल तर कॉम्प्रेसरचा वेग उतरतच नाही, बाराशे वॉट सलग जातात आणि तीन तासांत बॅटरी रिकामी. अल्टरनेटर किती अँपिअरचा आहे हे न पाहता साठ अँपिअरचा चार्जर लावला तर गाडीच्या अल्टरनेटरची वाट लागते. कमी आरपीएमवर तो तेवढा करंट देऊ शकत नाही आणि तापतो. मुक्कामी बॅटरी भरायला दीड किलोवॉटच्या चार्जरने अडीच तास जनसेट लागणारच. म्हणजे जनरेटर हद्दपार झाला नाही, फक्त रस्त्यावरून मुक्कामावर गेला.

सौरपट्टी, वाई

रस्त्यावरून गेला, माझा मुद्दा तोच होता.

शिट्टी, मिरज

मुक्कामावर गेला म्हणून धोका गेला नाही. सर्वाधिक काळजी रात्री हवी.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म छतालाच लावायचा किंवा जमिनीलगत लावायचा, असे दोन्ही सल्ले ऐकू येतात. हा वायू हवेइतक्याच वजनाचा, खोलीभर मिसळतो. म्हणून अलार्म झोपण्याच्या जागेजवळ, श्वासाच्या उंचीवर. एलपीजीचा अलार्म मात्र जमिनीपासून पंधरा सेंटिमीटरच्या आत, कारण तो गॅस जड आहे. दोन्हींची कामं वेगळी, एकाने दुसऱ्याचं भागत नाही.

घेताना ईएन ५०२९१-२ हे युरोपीय मानक लिहिलेलं पाहा, ते कॅम्पर आणि बोटींसाठी आहे. असा अलार्म ३०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग वायू) तीन मिनिटांत वाजतो, १०० ला दहा ते चाळीस मिनिटांत, ५० ला तास-दीड तासाने. वाजला की खिडकी उघडून परत झोपायचं नाही. सगळ्यांनी बाहेर, मग जनसेट बंद. सेन्सरला आयुष्य असतं. मागे छापलेली तारीख उलटली की बटण दाबून आवाज आला तरी तो निकामी समजा. बटण फक्त भोंगा तपासतं.

घाटमाथा यांचा शेजाऱ्याच्या धुराचा मुद्दा मुक्कामी जास्त लागू पडतो. दोन गाड्या शेजारी लावताना एकीच्या धुराचं तोंड दुसरीच्या खिडकीकडे नको. नळकांड्याला उभा पाइप जोडून छताच्या वर नेता आला तर उत्तम.

घाटमाथा, सातारा

पूर्ण सहमत. पोर्टेबलवाल्यांसाठी भर घालतो. मुक्कामी पेट्रोल भरताना जनरेटर बंद करून हाताला सोसेल इतका थंड होऊ द्या, किमान पंधरा-वीस मिनिटं. काठोकाठ भरू नका, गाळणीच्या खुणेपर्यंतच. सांडलं तर पुसा, फडकं गाडीपासून लांब टाका, वास जाईपर्यंत सुरू करू नका. अंधारात मोबाइलचा टॉर्च लांबून धरा, मेणबत्ती-काडी नाही.

कॅन पंपावर भरताना गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवायचा आणि नोझल कॅनच्या तोंडाला टेकवून ठेवायचं, म्हणजे स्थिर वीज जमिनीत जाते. रबरी मॅटवर किंवा डिकीत ठेवून भरलेल्या कॅनला ती वाट नसते. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय एकूण ३० लिटरपर्यंत ठेवता येतं, तेही घट्ट बुचाच्या धातूच्या, २५ लिटरपर्यंतच्या भांड्यात. पाण्याचा प्लास्टिकचा ड्रम त्यात बसत नाही. आणि आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. जुन्या जनरेटरच्या रबरी नळ्या त्याने मऊ पडतात. पावसाळ्यानंतर काढून पाहा, चिकट लागली तर बदला.

डिझेलवाला, कराड

एक शंका. सांगलीत आरामात चालणारा तीन केव्हीएचा जनरेटर महाबळेश्वरला एसी सुरू होताना दम तोडतो. इंधनात खोट असेल का?

कृष्णाकाठ, सांगली

खोट उंचीची आहे. दर तीनशे मीटरला ताकद साधारण साडेतीन टक्के उतरते. महाबळेश्वर तेराशे मीटरच्या वर, म्हणजे पंधरा टक्के गेले. तीनचे अडीच उरले. साध्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना चालू लोडच्या दुप्पट-तिप्पट ओढतो, तिथे तो बसतो. कॉम्प्रेसर हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट-स्टार्ट लावा किंवा गीझर बंद असतानाच एसी सुरू करा. जोर देण्यासाठी कार्बोरेटर ‘रिच’ (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) करून घेऊ नका, विरळ हवेत मिश्रण आधीच रिच होतं. काळा धूर आणि जास्तीचा मोनॉक्साइड, दुसरं काही मिळणार नाही.

आणि दिवाळीनंतर कासच्या रस्त्याला किंवा सागरेश्वरच्या बाजूला गाडी लावताना नळकांड्याखाली वाळलेलं गवत नाही ना, ते वाकून पाहा. मुरमाची जागा शोधा.