ग्वाल्हेर निवांत बघितलंय का? अनुभव लिहा

आग्र्याहून झाशी-खजुराहोकडे जाताना लोक ग्वाल्हेर अर्ध्या दिवसात उरकतात आणि मग सांगतात, किल्ला बघितला, छान होता. मला हे फार खटकतं. शिंद्यांचं गाव ते, आपल्यासाठी निम्मं घरचंच. म्हणून हा धागा काढलाय. कुठलंही एक ठिकाण घ्या, पण नीट बघितलेलं लिहा. तिकीट आणि वेळा नेटवर मिळतात, तुम्हाला काय दिसलं ते सांगा.

*

मी सुरुवात करते. आम्ही गाडीने उरवाई दरवाजातून वर न जाता ग्वाल्हेर दरवाजाकडून पायी चढलो. वाटेत कातळात कोरलेलं चतुर्भुज मंदिर लागतं, इतकं लहान की आमच्या पुढचे दोन ग्रुप त्याच्याकडे न बघताच वर गेले. आत इ.स. ८७६ चा शिलालेख आहे, देवासाठी दिलेल्या बागेचा हिशोब, लांबी २७० हात, रुंदी १८७ हात आणि रोज फुलांच्या ५० माळा. त्या २७० आणि ५० मधलं शून्य आपण काढतो तसंच गोल, फक्त बाकीच्या आकड्यांपेक्षा बारीक! भारतातल्या सगळ्यात जुन्या लिखित शून्यांपैकी हे एक. लेक सातवीत आहे, त्याने दगडाला हात न लावता हवेतच तो आकडा गिरवला आणि मग एकेक अक्षर लावत बसला, आम्हाला तिथून हलूच देईना. नंतर वर सासबहू आणि तेली का मंदिर पण बघितलं, दोन्ही भव्य आहेत, पण मला विचाराल तर आधी हे बघा.

*

मानमंदिर. राजा मानसिंह तोमरने बांधलेला महाल, बाहेरून निळ्या फरशांची नक्षी आणि त्यात पिवळी बदकं एका रांगेत, पाचशे वर्षं होऊन गेली तरी रंग तसाच. पण गाइडकाका आम्हाला जिन्याने खाली तळघरात घेऊन गेले आणि तिथे सगळं बदललं. मुघलांनी हाच महाल कैदखाना केला होता, औरंगजेबाचा भाऊ मुराद इथे या किल्ल्यावरच कैदेत होता आणि १६६१ मध्ये त्याला इथेच मारलं. वर नाचगाण्याचे चौक, खाली हे. आमचा ड्रायव्हर सारखा फोन करून घाई करत होता, शेवटी मी फोन बंद केला, कारण अशा जागेतून पाच मिनिटात बाहेर पडणं मला तरी जमलं नाही.

*

किल्ल्यावरचा दाता बंदी छोड गुरुद्वारा कोणी लिहिला नाही अजून. जहांगीराने गुरु हरगोबिंदांना इथे कैदेत ठेवलं होतं आणि सुटताना त्यांनी सोबत ५२ राजांना सोडवलं असं मानतात. लंगर जरूर घ्या, शांत वाटतं.

*

मी गाणं शिकते त्यामुळे माझं ग्वाल्हेर वेगळंच. तानसेनाची कबर सूफी संत मुहम्मद गौस यांच्या मोठ्या मकबऱ्याच्या शेजारी, अगदी साधी, नुसते खांब आणि वर छत. शेजारी चिंचेचं झाड, गाणारे लोक त्याची पानं खातात, गळा गोड होतो म्हणून, मीही खाल्ली. आपल्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेर गायकी महाराष्ट्रात आणली, त्यांचे शिष्य पलुस्कर, म्हणजे आमच्या क्लासमधल्या बंदिशी इथूनच निघाल्या की! मकबऱ्याच्या दगडी जाळ्या जवळ जाऊन बघा, प्रत्येकीची नक्षी वेगळी. डिसेंबरात तानसेन समारोह असतो, तेव्हा गेलात तर दोन्ही होतं.

*

जयविलास राजवाड्यात सगळे दरबार हॉलची झुंबरं बघतात, एकेक साडेतीन टनाचं, बघावीतच. जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी बघून माझे सासरे लहान मुलासारखे खूश झाले. राजवाडा १८७४ चा आहे. तिथून फूलबाग फार लांब नाही, राणी लक्ष्मीबाईंची समाधी चुकवू नका. आम्ही तिथे नुसतं उभं राहिलो, सासऱ्यांनी चप्पल काढून नमस्कार केला.

*

मार्चमध्ये आईबाबांना घेऊन जातोय, वरचं सगळं वाचून दोनाचे तीन दिवस केले. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून वर गाडीनेच जाऊ, उरवाईच्या बाजूला कातळातल्या जैन मूर्ती तेवढ्या रस्त्यावरूनही दिसतात ना? आणि गुजरी महालातलं म्युझियम सोमवारी बंद असतं, तर सोमवारी जयविलास उघडा आहे का ते कोणी नुकतंच जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.