परमुलखातली शाळा : पहिल्या वर्षाचे अनुभव लिहा

हर्णै_बंदर
आमच्या वाडीतल्या एका मुलीला ओमानमधल्या मस्कतच्या भारतीय शाळेत नोकरी लागली आहे. कागदपत्रे जुळवता जुळवता ती रोज संध्याकाळी पडवीत येऊन काही ना काही विचारते, आणि माझी तिथली वर्षे पुन्हा वर येतात, म्हणून हा धागा काढत आहे. शिकवण्याची तिला चिंता नाही, आणि ती नसावीच, कारण पुस्तके सीबीएसईची आणि मुलेही बहुतांशी आपलीच असतात. रुळायला वेळ लागतो तो तिथल्या कॅलेंडरशी. मी गेले तेव्हा गुरुवार-शुक्रवार सुट्टी असे. २०१३ मध्ये ती शुक्रवार-शनिवार झाली, तरी रविवारी पहाटे उठून शाळेची बस गाठणे काही सुटले नाही. मोठी सुट्टी भर पावसाळ्यात, म्हणजे घरी पोहोचावे तर हापूस संपलेला, १ जूनपासून मासेमारी बंद असल्यामुळे बाजारात सुक्या मासळीवाचून काही नाही, आणि गणपती येण्याआधीच परतीचे तिकीट. कोकणी माणसाला छळायचे असे ठरवून कोणी वेळापत्रक आखले असते, तरी इतके नेमके साधले नसते. ज्यांनी बाहेर शिकवले आहे त्यांनी पहिल्या वर्षाबद्दल अवश्य लिहावे. पगाराचे आकडे नकोत. ते एजंट सांगतोच.

मालवणची_गणितबाई
ताई, मासळीचे दुःख वाचून हसू आले, कारण मालदीवमध्ये मला तिची कधीच ददात पडली नाही; पडली ती भाजीची. राजधानी मालेपासून दूर, एका लहानशा बेटावरच्या शाळेत मी गणित शिकवत होते. न्याहारीला मास हुनी, म्हणजे टूना, खवलेला नारळ, कांदा, मिरची आणि लिंबू हाताने एकत्र कुस्करून केलेला प्रकार, आणि सोबत रोशी नावाची पातळ पोळी असे. मालवणच्या जिभेला त्यात परके असे काहीच नव्हते. कोथिंबीर मात्र मालेहून बोटीने यायची, आणि नैर्ऋत्येचा वारा सुटला की ती बोट कधी लागेल हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नसे. गणित इंग्रजीतून असल्यामुळे वर्गात माझे अडले नाही, परंतु बेटावरच्या नोटिसा दिवेही भाषेत, थाना लिपीत, उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या असत. त्या वाचून दाखवायला मी सातवीतल्या एका मुलीला बोलावत असे, आणि ती एकेका ओळीखाली बोट ठेवून, मी पुन्हा म्हणेपर्यंत पुढे न सरकता, अत्यंत गंभीर चेहऱ्याने माझी शिकवणी घेत असे. खरी सवय करून घ्यावी लागली ती कधीच एकटे नसण्याची. संध्याकाळी फिरायला निघावे तर वाटेत निम्मा वर्ग आणि त्यांच्या आया भेटत, आणि काल मिसच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत का जळत होता याची आपुलकीने चौकशी होई.

देवगडचा_बागायतदार
ही चौकशी आमच्या वाडीतही होते. तिच्यासाठी मालदीवला जाण्याची गरज नाही.

रत्नांग्री
माझा स्वतःचा नाही, सासऱ्यांचा अनुभव लिहिते. सम्राट हाइले सेलासी यांच्या काळात इथिओपियातील शाळांमध्ये भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने होते, त्यांतले ते एक. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपले सकाळचे आठ ते तिथले दोन. तेव्हा मुख्याध्यापकांनी ‘दोन वाजता भेटा’ म्हटले की आमचे सासरे न्याहारी आटोपून निघत. वर्ष तेरा महिन्यांचे, परंतु तेरावा महिना पाच-सहा दिवसांचाच, हे ते आम्हाला फार रंगवून सांगत. १९७४ मध्ये सम्राटांना पदच्युत करण्यात आले आणि नव्या राजवटीने वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना मोहिमेवर खेड्यापाड्यांत पाठवले. त्याबद्दल मात्र ते फारसे बोलत नसत.

चिपळूण_ते_बर्मिंगहॅम
फेब्रुवारी २०२३ पासून भारतातील पात्र शिक्षकांना इंग्लंडच्या क्यूटीएस या शिक्षक-मान्यतेसाठी थेट अर्ज करता येऊ लागला. विषय गणित, विज्ञान किंवा भाषा, आणि विद्यार्थी ११ ते १६ वयाचे. मी त्याच वाटेने आलो. चिपळुणात मी वर्गात शिरलो की मुले उभी राहत. इथे दारात मी उभा राहतो, एकेकाला नावाने ‘गुड मॉर्निंग’ म्हणत आत घेतो, आणि ते आत येत असताना टाय सरळ आहे का, च्युइंगम तोंडात आहे का, हेही पाहतो. आवाज चढवला की वर्ग शांत होण्याऐवजी रंगात येतो, त्यामुळे शिस्तीचा ठरलेला जिना चढावा लागतो : आधी ताकीद, नंतर फळ्यावर नाव, नंतर डिटेन्शन, आणि प्रत्येक पायरीची संगणकावर नोंद. पहिल्या सत्रात मला शिकवण्यापेक्षा या नोंदींनीच अधिक थकवले, आणि डिसेंबरमध्ये त्या उरकेपर्यंत बाहेर काळोख झालेला असे. तरीही एक पद्धत मला मनापासून पटली : एखाद्या मुलाशी एकट्याने बोलायचे झाल्यास दार उघडे ठेवायचे आणि त्याने काही गंभीर सांगितले तर ते स्वतःजवळ न ठेवता त्यासाठी नेमलेल्या व्यक्तीला त्याच दिवशी कळवायचे. आपल्याकडे हे शिक्षकाच्या मनावर सोडलेले मी बरेचदा पाहिले आहे.

गुहागरची_नवी_बाई
मला शारजाच्या एका शाळेचे पत्र आले आहे. बीएडच्या प्रमाणपत्रावर नेमके कोणाकोणाचे शिक्के लागतात, आणि मुलगा लहान असताना जाणे शहाणपणाचे आहे का?

हर्णै_बंदर
एका देशाची कागदपत्रे दुसऱ्या देशात मान्य करण्याच्या हेग करारात अमिराती नसल्यामुळे आधी राज्याचे, मग परराष्ट्र मंत्रालयाचे आणि शेवटी अमिरातीच्या वकिलातीचे साक्षांकन घ्यावे लागते. ओमानसाठी अपोस्टिल, म्हणजे त्या करारानुसार परराष्ट्र मंत्रालयाने दिलेले प्रमाणन, चालते. शारजात २०२२ पासून शुक्रवार, शनिवार आणि रविवार अशी तीन दिवस सुट्टी आहे, तेव्हा तुम्ही या धाग्यावर तक्रार करायला येऊ नये, ही विनंती. मुलाचे म्हणाल तर, राहण्याची जागा शाळा देणार की तुम्ही शोधायची, वर्षाचे तिकीट तुमच्या एकटीचे की यजमान आणि मुलाचेही, आणि त्याच शाळेत त्याला फीमध्ये सवलत आहे का, हे नेमणूकपत्रात पाहा. तिथे लिहिलेले नसेल, तर सही करण्यापूर्वी ईमेलवर लेखी मागून घ्या.