मेन कॅप टॉर्क केल्या की क्रँक जाम होतोय, कुठून तपासू?

मंडळी सल्ला हवाय. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन पूर्ण खोललंय, क्रँक ०.२५ मिमी ला ग्राइंड करून आणला, मेन बेअरिंग (ज्यात क्रँक फिरतो ते) नवीन घातले. आता बेअरिंगवरच्या पाचही कॅप टॉर्कला (ठरलेल्या ताणाला) ओढल्या की क्रँक हाताने हलतच नाही, पुलीच्या बोल्टला लांब पाना लावला की जड जड फिरतो. पिस्टन, रॉड, मागचं ऑइल सील काहीच अजून बसवलेलं नाही. तेल भरपूर लावलंय. एकजण म्हणाला बेअरिंग नवीन आहेत, चालवलं की मोकळं होईल, पण मला ते पटत नाहीये.

प्रतिसाद:
पटू देऊपण नकोस मित्रा. नुसत्या मेनवर क्रँक हाताने गुळगुळीत फिरलाच पाहिजे, पान्याची गरज पडता कामा नये. असंच चालवलंस तर मोकळं व्हायच्या आधी शेल (बेअरिंगचे अर्धगोल तुकडे) जळतील.

आधी फुकटातलं बघ. शेलच्या पाठीवर साइज छापलेली असते, ग्राइंडिंग ०.२५ चं आणि चुकून शेल ०.५० चे आले तर जाम होणारच. मग कॅपचे नंबर आणि बाण बघ, कॅप त्या त्या जागेवर ठेवूनच लाइन बोअर (सगळी भोकं एका रेषेत कापणं) झालेलं असतं, त्यामुळे अदलाबदल किंवा उलटी चालतच नाही.

हे सगळं बरोबर असेल तर सगळ्या कॅप सैल कर आणि मधल्या कॅपपासून बाहेरच्या बाजूला एकेक टॉर्क करत जा, प्रत्येक कॅपनंतर क्रँक फिरवून बघ. ज्या कॅपला हाताला जड लागेल तिथेच थांब, पुढचं ओढू नकोस, कारण सगळ्या एकदम ओढल्या की नक्की कुठे धरतंय ते कळतच नाही.

प्रतिसाद २:
वरच्याशी सहमत. अजून दोन गोष्टी. थ्रस्ट वॉशर (क्रँकचं पुढेमागे सरकणं मर्यादित ठेवणारे) उलटे नाहीत ना बघ, खाचा असलेली बाजू क्रँककडे यायला हवी, आणि डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं) लावून क्रँक पुढेमागे किती सरकतो तेपण मोज, अजिबात सरकत नसेल तर घट्टपणा थ्रस्टचाच आहे. दुसरं म्हणजे ग्राइंडिंगवाल्याने जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) कडेची गोलाई मोठी ठेवली असेल तर शेलची कड त्यावर घासते, शेल काढल्यावर कडेलाच चकाकी दिसेल.
आणि एकही कॅप वेगळी सापडली नाही, सगळीकडेच थोडं थोडं जड असेल तर क्रँक वाकलाय का बघ. ब्लॉकमध्ये फक्त १ आणि ५ नंबरचे ब्लॉकच्या बाजूचे शेल ठेव, त्यावर क्रँक आडवा ठेवून मधल्या जर्नलला डायल लाव आणि सावकाश फिरव.

मूळ प्रश्नकर्ता:
धन्यवाद दोघांनाही!! शेल ०.२५ चेच आहेत, कॅपपण बरोबर. एकेक ओढत गेलो, ३ आणि २ ला मस्त फिरला, ४ ओढली आणि लगेच धरला. कॅप काढली तर शेलवर मधोमध एक छोटा चकचकीत ठिपका, आणि शेल उचलला तर बरोब्बर त्याच्या पाठीमागे धातूचा बारीक कण चिकटलेला. आता नुसतं पुसून बसवू का?

प्रतिसाद:
सापडलं बघ! तो शेल दाबला गेलाय, तो परत वापरू नकोस. कॅपची आतली बाजू आणि शेलची पाठ कोरडी पुसून घे, पाठीला तेलसुद्धा नको, तेल फक्त जर्नलच्या बाजूला. नवीन शेल घातला की ४ ला प्लास्टिगेज (दाबल्यावर पसरणारी बारीक पट्टी लावून फट मोजणं) कर: जर्नल कोरडा, पट्टी क्रँकच्या लांबीच्या दिशेने, टॉर्क करायचं आणि क्रँक अजिबात फिरवायचा नाही. पट्टी जितकी रुंद पसरेल तितका क्लिअरन्स (जर्नल आणि शेलमधली फट) कमी. दोन्ही टोकांना रुंदी वेगळी आली तर जर्नल टेपर (एका टोकाला बारीक) आहे. आकडा तुझ्या इंजिनच्या मॅन्युअलमधलाच धर.

पण मला काळजी वेगळीच आहे, हा कण ग्राइंडिंगचा असेल तर क्रँकच्या ऑइल होलमध्येपण असे कण असणार. क्रँक परत बाहेर काढ, होलचे प्लग असतील तर खोल, लांब ब्रश आणि डिझेलने प्रत्येक होल आरपार घास, मग हवा मार. पुसलेलं फडकं पांढरं येईपर्यंत क्रँक ब्लॉकमध्ये ठेवू नकोस.