जपानी पोरांना नाताळ शिकवायचाय, आणि मी मिरजेची!

मिरजेची_मास्तरीण, ३ डिसेंबर
मंडळी, मदत करा. मी हामामात्सूच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत एएलटी आहे, म्हणजे इंग्रजीच्या तासाला वर्गशिक्षिकेच्या जोडीला उभी राहणारी परदेशी बाई. (मिरज सतारींचं, हे गाव पियानोंचं. तेवढंच काय ते साम्य.) १८ तारखेला पाचवीच्या तिन्ही वर्गांवर ४५ मिनिटांचा 'ख्रिसमसचा तास' माझ्या गळ्यात पडलाय. का, तर मी परदेशी! "आमच्यात दिवाळी असते" म्हटलं, तर वर्गशिक्षिका म्हणतात, "हो, पण ख्रिसमसला काय करता?"

खरं सांगू? माझा नाताळ म्हणजे वॉनलेस हॉस्पिटलच्या आवारातली रोषणाई आणि शेजारच्या सिस्टरबाईंकडून आलेला केक. पोरांना माझ्याहून जास्त माहितीय. २४ ला आधीपासून सांगून ठेवलेलं केएफसीचं चिकन (१९७४ च्या जाहिरातीची करामत) आणि क्रीम-स्ट्रॉबेरीचा केक. २५ ला सुट्टी नाही. २६ ला दुकानांतली झाडं गायब, दारात नववर्षाचे बांबू.

उपमुख्याध्यापकांनी बजावलंय, धर्म शिकवायचा नाही, सरकारी शाळेला कायद्यानं मनाई आहे. सांताची शब्दकोडी दोन वर्षं करून झालीत. काय करू?

वसईवाला
बाई, चांदणी करा. आमच्याकडे डिसेंबर लागला की घरोघरी कामट्या तासायला घेतात. पाच-पाच कामट्यांच्या दोन चांदण्या, टोकाला टोक बांधायचं, मधल्या पाच कोपऱ्यांत बोटभर काड्या अडकवायच्या. आपोआप फुगते. वर पतंगाचा कागद. तुमचा आकाशकंदील येत असेल तर हीसुद्धा येईल, भाऊबंदच आहेत.

पणजीची_पोर
करंज्या न्या की! गोव्यात तीच नेवरी चवथीला हिंदूंच्या घरात असते आणि नाताळला ख्रिस्तांवांच्या. ताटं दोन्हीकडून जातात. मुलांना 'शेजारी' म्हणजे काय ते कळेल.

सदू_सायतामा
करंज्यांचं नाव काढू नका. ॲलर्जीच्या भीतीनं इथल्या शाळेत बाहेरचं खाणं चालणार नाही, फोटो दाखवा फार तर. आणि ४५ मिनिटांत खळ वाळत नाही हो वसईवाले. शंभर येनच्या दुकानात कबाबच्या बांबूच्या काड्या मिळतात, त्या आणि रबरबँड घ्या. टोकं मात्र आधी कापा.

मिरजेची_मास्तरीण, २० डिसेंबर
झालं एकदाचं! पाच-पाच जणांत एक, अशा अठरा चांदण्या. १८० काड्यांची टोकं आदल्या रात्री नेलकटरनं कापली, अंगठा अजून दुखतोय. पहिल्या वर्गात निम्मी रबरं छताला लागली. कागदाला मात्र मी हातच लावला नाही. ओरिगामी करणाऱ्या बोटांना काय शिकवायचं!

खरी गंमत तिसऱ्या वर्गात. कारखान्यांमुळं इथं ब्राझीलची बरीच कुटुंबं आहेत. त्यांच्यातला एक पोरगा एरवी तासाला तोंड उघडत नाही. काड्या बांधता बांधता म्हणाला, "आजीच्या घरी अशी गोठ्यावर लावतात." कसला गोठा, पोरांनी विचारलं. मग फळ्यावर गाय, गाढव, सगळं काढलं त्यानं. गव्हाणी रिकामीच ठेवली. बाळ येशू २४ च्या रात्री बाराला ठेवायचा, म्हणे, आधी ठेवलं तर आजी रागावते. माझ्याकडे वळून विचारलं, "सेन्सेई, तुमच्याकडे?" मला काय माहीत! मी खडू त्याच्याच हातात राहू दिला. दहा मिनिटं गेली त्यात. उपमुख्याध्यापक दारात उभे होते, पण त्यांना अचानक खिडकीबाहेर काहीतरी दिसलं.

वसईवाले, तुमच्याकडे पण बाळ बारालाच ठेवतात का? सोमवारी त्याला सांगायचंय.