मदत हवी आहे: ग्रुपवर सगळ्यांचा जन्म १ जूनचाच! खरं वय कसं काढायचं?

बोरीकाठ
लवकर सांगा, रविवारपर्यंत यादी पूर्ण करायची आहे. ग्रुपवर विचारलं, "तुमनं वय कितलं शे?" एकोणचाळीस जणांनी टाकलं. त्यात अकरा जणांची तारीख १ जून, पाच जणांची १ जानेवारी. काय डोंबल क्रम लावू? एका आजींच्या आधारवर १९४५ आहे आणि घरचे म्हणतात फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाच्या साली जन्म. कोणतं धरू?

शेवभाजी_फुल
कसला ग्रुप, कसली यादी? भो, आधी नीट सांग तर.

कळण्याची_भाकर
एसटीत ६५ च्या पुढे अर्धं तिकीट, ७५ पूर्ण झाली की फुकट. आजींचं १९४५ धरा नाहीतर १९३६, तिकीट शून्यच. उगाच आधार दुरुस्तीच्या नादी लागू नका, जन्मतारीख एकदाच बदलून मिळते. माझ्या काकांनी घाईत बदलली आणि नवीही चुकीचीच निघाली.

बोरीकाठ
एसटीचं कोणी विचारलं? अहिराणी शब्दांचा ग्रुप आहे. जुन्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करतोय, वय जास्त त्याचा नंबर आधी. दिवाळीत ठरवलं होतं, अखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीया) यादीतली दोन माणसं गेली. म्हणून घाई.

निवृत्त_गुर्जी
१ जूनवाल्यांवर चिडू नका, त्यातले निम्मे आम्हीच जन्माला घातलेत. बाप पोराला घेऊन शाळेत यायचा. तारीख विचारली की "पोयाना आदला दिन" (पोळ्याचा आदला दिवस) एवढंच सांगायचा, साल नाहीच. मग पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावून बघायचा. लागला की सहा वर्षं पूर्ण, लिहा १ जून, साल मागे मोजून. आखूड हाताचं हडकुळं पोर दोन-दोन वर्षं परत जायचं आणि आठव्या वर्षी सहाचं व्हायचं! त्यामुळे या लोकांचं खरं वय दाखल्यापेक्षा बहुतेक जास्तच निघेल. १ जानेवारीचं वेगळं आहे. आधार काढताना नुसतं वय सांगितलं की साल मागे मोजून १ जानेवारी पडते.

शेवभाजी_फुल
आम्ही पाच भावंडं, पाचही १ जून. वाढदिवसाला एकच केक.

तापीकाठ
मूळ मुद्दा राहिला. फैजपूर म्हणजे लेवा बोलीचा पट्टा. ही आजी अहिराणीच्या यादीत कशी?

कळण्याची_भाकर
सगळं खान्देशीच ना? बहिणाबाई नाही का अहिराणीत लिहायच्या?

तापीकाठ
बहिणाबाई असोद्याच्या, बोली लेवा गणबोली. आणि लिहायच्या नाहीत, म्हणायच्या. उतरवून घेतलं ते दुसऱ्यांनी. दर धाग्यावर हेच सांगत बसायचं का?

बोरीकाठ
माहेर फैजपूरजवळचं, सासर अमळनेर तालुक्यात. तेराव्या वर्षी आल्या. आता लेवातलं "हाये" नाही, अहिराणीतलं "शे"च म्हणतात. झालं समाधान? वयाचं बोला.

कोर्टाची_पायरी
कोतवाल बुकाची, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल मागा. माहेर यावल तालुक्यात असेल तर तिथल्या तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. बापाचं पूर्ण नाव आणि गाव लागेल. मुलीचं नाव मिळेलच असं नाही, नुसतं "मुलगी" असतं. जुन्या नोंदी मोडीत असतात, वाचणारा आधी शोधून ठेवा.

बोरीकाठ
साहेब, रविवार परवा आहे!

माहेरवाशीण
दादा, आजी नेमकं काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहा. "अमुक साली जन्म" हे घरच्यांचं बोलणं वाटतंय. म्हाताऱ्या माणसाला वय विचारूच नये, तेव्हा तुम्ही काय करत होता ते विचारावं. माझ्या सासूबाई कागदावर १९६० च्या. सहज विचारलं, ७२ च्या दुष्काळात वाटायचे ती सुकडी खायला जायचात का? म्हणाल्या, "सुकडी पोरं खायची. मी मिलोच्या, त्या परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरी थापायची अन् खडी फोडायला जायची, तुझे जेठ पोटात होते." घ्या! बाराव्या वर्षी?

बोरीकाठ
फोन केला होता. आजी म्हणाल्या, "काँग्रेस भरनी तव्हय मी मायना कडेवर." जन्म म्हणत होता तो त्यांचा पुतण्या.

निवृत्त_गुर्जी
मग गणित बदललं. फैजपूरचं अधिवेशन १९३६ च्या डिसेंबरअखेर भरलं, नेहरू अध्यक्ष होते. कडेवरचं पोर म्हणजे वर्ष-दोन वर्षांचं, म्हणजे जन्म १९३४-३५. पण हेही त्यांनी आईकडूनच ऐकलेलं असणार, तेवढ्यावर जाऊ नका. आणखी एक विचारा, १५ ऑगस्ट १९४७ ला माहेरी होत्या की सासरी?

बोरीकाठ
माहेरीच! गावात झेंडा लागला, गूळ वाटला, सगळं सांगितलं. लग्न त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात.

माहेरवाशीण
म्हणजे १९४८ चा उन्हाळा, वय तेरा. १९३५ बरोबर बसतंय. आधारचं खरं मानलं तर तीन वर्षांची नवरी.

तापीकाठ
लग्नाआधीचे शब्द वेगळे विचारा. माहेरचे लेवा शब्द अहिराणी म्हणून यादीत गेले तर मी परत येईन.

बोरीकाठ
या. १९३५ लिहिलं, पुढे "अंदाजे". पहिला नंबर आजींचा. १ जूनवाल्यांना आता वय नाही, दुष्काळात काय खाल्लं ते विचारतो. गुर्जी, ताई, आभार.

शेवभाजी_फुल
मोबाईलवर रेकॉर्ड करणार असशील तर पंखा बंद कर. माझ्या आजोबांचा तासभराचा आवाज नुसता घर्रघर्र आलाय.

बोरीकाठ
मे महिन्यात अमळनेरला पंखा बंद केला तर आजी उठून जातील रे भो.